ससूनचे तिसरे दार

जांबे, मारुंजी, नेरे, पुनावळे या आमच्या भागात कुणाचे दुखणे हाताबाहेर गेले, की जुनी माणसे अजूनही एकच वाक्य बोलतात, "आता ससूनला न्या." आज हिंजवडीचे रस्ते उंच इमारतींनी भरले आहेत, दर दोन चौकांनंतर चकचकीत खासगी दवाखान्याची पाटी दिसते. तरीही ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्या तोंडी ससून, वायसीएम आणि औंध ही तीनच नावे येतात. ही इस्पितळे कुणी बांधली, कुणासाठी बांधली आणि तिथे आपला समाज कोणत्या दाराने आत गेला, याची माहिती मात्र आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

समाजबांधवांनो, आमच्या मते कुठल्याही मोठ्या इस्पितळाला तीन दारे असतात. पहिले दार रोग्याचे. दुसरे दार मागचे, झाडू आणि बादली घेऊन आत जाणाऱ्यांचे. तिसरे दार वैद्यकीय महाविद्यालयाचे, ज्यातून विद्यार्थी आत जातो आणि डॉक्टर होऊन बाहेर येतो. पुण्याचा इतिहास वाचताना ही तीन दारे ध्यानात ठेवावीत, म्हणजे बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

ससून इस्पितळाची कोनशिला १८६३ साली मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बसली आणि १८६७ साली इमारत उभी राहिली. ज्यांच्या देणगीतून हे झाले ते डेव्हिड ससून बगदादचे ज्यू व्यापारी. तिथल्या सत्ताधाऱ्यांच्या जाचाला कंटाळून ते देश सोडून निघाले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. कापसाच्या आणि चीनबरोबरच्या अफूच्या व्यापारात त्यांनी अमाप पैसा मिळविला. त्यातला काही भाग शाळा, वाचनालये आणि दवाखाने यांच्यावर खर्च केला. १८६४ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. पुणेकर ज्याला 'लाल देऊळ' म्हणतात त्या ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या आवारात त्यांची कबर आहे. सुरुवातीला ससूनमध्ये १४४ रोग्यांची सोय होती. आज तिथे सुमारे १३०० खाटा आहेत आणि तरीही जागा पुरत नाही.

त्याला जोडून १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली. तिला नाव मिळाले बैरामजी जीजीभाई या पारशी दानशूर गृहस्थाचे. म्हणजे पुण्याचे सर्वांत मोठे इस्पितळ ज्यूच्या पैशातून आणि त्याची शाळा पारशाच्या नावाने! शंभरेक वर्षे पुण्यावर ज्यांची सत्ता होती, ज्यांच्या दक्षिणेवर लाखो रुपये उधळले गेले, त्यांनी रयतेसाठी असे एक इस्पितळ उभारल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. दक्षिणा आणि दान यांतला फरक महात्मा फुल्यांनी का वारंवार सांगितला, ते यावरून कळते.

परंतु दानातून इमारत उभी राहते, त्याने माणसाच्या मनातला विटाळ जात नाही. ससूनविषयी एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना अपेंडिक्सचा त्रास झाला. त्यांना ससूनमध्ये आणले गेले. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने ऑपरेशन केले आणि मध्येच वीज गेल्यामुळे कंदिलाच्या उजेडात ते पुरे करावे लागले. ही गोष्ट खरी आहे आणि त्या डॉक्टरच्या कौशल्याला आम्ही दाद देतो.

कंदिलाच्या उजेडातली दुसरी एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. ती परमपूज्य बाबासाहेबांनी नोंदवून ठेवली आहे. १९२९ साली काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावच्या मोठ्या माणसांना मध्ये घातले, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला, पण वस्तीबाहेर उभा राहिला. ओल्या बाळंतिणीला घराबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला. परत येतानाही त्याच क्रमाने. दिव्याच्या उजेडात थर्मामीटर पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी ती बाई मेली. नाडीला हात न लावता त्याने तपासणी केली! औषध होते, डॉक्टर होता, फीचीही सोय झाली होती. नव्हता तो फक्त माणुसकीचा स्पर्श. पहिले दार आपल्यासाठी बंद होते म्हणजे काय, ते यावरून समजावे.

याच्याही ३२ वर्षे आधी पुण्यात एका माउलीने हे दार आपल्या हाताने उघडून दाखविले होते. १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. लोक आजारी माणसाला लपवीत होते. त्या वेळी क्रांतिज्योती सावित्रीमाईंनी आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून घेतले. यशवंत एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. जोतीराव आणि सावित्रीमाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वाढवून डॉक्टर केले. हडपसरच्या बाजूला माळावर त्याने प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीमाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. पोरगा वाचला. माईंना मात्र प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एका बाजूला थर्मामीटर तीन हातांतून फिरविणारा डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला महाराच्या पोराला पाठीवर घेणारी ६६ वर्षांची म्हातारी. यांतल्या कुणाची तसबीर इस्पितळात लावायला हवी, ते वाचकांनीच ठरवावे.

माईंनी जे केले ते तथागतांच्या शिकवणीला धरूनच होते. पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला एक भिक्खू भगवंतांना विहारात दिसला. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते. भगवंतांनी आणि आनंदाने स्वतः पाणी आणून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजविले आणि मग इतर भिक्खूंना समज दिली. सम्राट अशोकाने तर आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्याही औषधोपचाराची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. इस्पितळाची कल्पना आपल्याकडे साहेबानेच आणली असे म्हणणाऱ्यांना हे दाखवावे.

आता दुसऱ्या दाराकडे येऊ. या इस्पितळांत आपली माणसे कधी नव्हती असे नाही. पहिल्यापासून होती. फरशी पुसायला, संडास धुवायला, रक्ताचे बोळे उचलायला, प्रेत शवागारात न्यायला आपलीच माणसे होती आणि आजही बव्हंशी आहेत. वॉर्डात सगळे त्यांना 'मामा' आणि 'मावशी' म्हणतात. नाते गोड, पण पगार तुटपुंजा, आणि आता तर कंत्राटदाराच्या हाताखाली. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रोगी पुण्यात आढळले आणि ते महापालिकेच्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. नातेवाईक जवळ यायला भीत होते त्या दिवसांत रोग्यांच्या खाटेखालचे भांडे याच मामा-मावशींनी उचलले. डॉक्टर-परिचारिकांबरोबर त्यांचाही मान आहे. पण मावशीची मुलगी मावशीच व्हावी, हे आम्हांला मान्य नाही.

म्हणून प्रश्न तिसऱ्या दाराचा. वैद्यकीय शिक्षणाचे दार बंद असणे ही गोष्ट एकट्या हिंदुस्थानातली नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी शिकायला अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरी का गेल्या? तिथे १८५० साली खास स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले होते, कारण पुरुषांच्या महाविद्यालयांत स्त्रियांना घेत नसत. १८८६ साली आनंदीबाई तिथून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात क्षयाने वारल्या. त्याच अमेरिकेत काळ्या लोकांना गोऱ्यांच्या इस्पितळांत ना नीट उपचार मिळत, ना डॉक्टर म्हणून काम. तेव्हा त्यांनी काय केले? रडत बसले नाहीत. शिकागो शहरात १८९१ साली डॉ. डॅनियल हेल विल्यम्स या काळ्या सर्जनने प्रॉव्हिडंट हॉस्पिटल काढले आणि तिथे काळ्या मुलींना नर्सिंगचे शिक्षण दिले. फिलाडेल्फियात १८९५ साली डॉ. नेथन मॉसेल यांनी फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाने इस्पितळ उभारले. पुढे १९१० साली वैद्यकीय शिक्षण सुधारण्यासाठी एक मोठा अहवाल आला. त्यानंतर काळ्यांची बहुतेक महाविद्यालये बंद पडली, हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकली. सुधारणेच्या नावाखाली गरिबाचेच दार आधी बंद होते, हा धडा त्यात आहे. 'गुणवत्ता' हा शब्द ऐकला की आम्हांला तो अहवाल आठवतो. अहवालानंतर तीनच वर्षांनी, १९१३ मध्ये, बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकायला गेले.

आपल्याकडे हे दार कायद्याने उघडले. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, ही त्याची मूळ भूमिका होती. खेड्यापाड्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रे त्याच विचारातून पुढे आली. डॉक्टरांत पदवीवाले आणि बिनपदवीवाले असे दोन वर्ग नकोत, असेही समितीने सांगितले. त्याच साली पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय शाळेचे महाविद्यालय झाले. १९४८ साली लष्कराचे वैद्यकीय महाविद्यालयही पुण्यात सुरू झाले. याच काळात, १९४२ ते १९४६, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना प्रा. अदारकर यांनी त्यांच्याच कारकिर्दीत तयार केली आणि तिच्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. चिंचवडच्या मोहननगरातल्या ईएसआय इस्पितळात कार्ड घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या कामगाराने हे ध्यानात ठेवावे, की ते कार्ड ही कुणा मालकाची मेहरबानी नाही.

मग संविधान आले, राखीव जागा आल्या. आपण धम्म स्वीकारला म्हणून केंद्राच्या सवलती मात्र गेल्या. महाराष्ट्र शासनाने त्या राज्यापुरत्या चालू ठेवल्या आणि केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या यादीत घेतले ते थेट १९९० साली. म्हणजे धर्मांतरानंतर ३४ वर्षांनी! वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा मिळाल्या त्याही २००७ पासून. तिसरे दार इतक्या सावकाश उघडले आहे. म्हणून ज्या घरातून पहिला डॉक्टर झाला, त्या घराने इतरांचा हात धरला पाहिजे.

इमारती वाढल्या, ही गोष्ट खरी. रास्ता पेठेतले केईएम इस्पितळ १९१२ साली लहानशा रूपात सुरू झाले. १९४४ साली डॉ. बानू कोयाजी तिथे आल्या तेव्हा ते चाळीसेक खाटांचे होते. त्यांनी ते मोठे केले, आणि त्याहून मोठे काम म्हणजे शिरूर तालुक्यातल्या वढू भागातल्या खेड्यांत आरोग्याची योजना नेली. गावच्याच कमी शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या बाजूला औंधचा छातीचा दवाखाना आणि जिल्हा रुग्णालय आहे. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे आपले वायसीएम, ७५० खाटांचे आहे. आणि ज्या मुळशी तालुक्यात पौडच्या ग्रामीण रुग्णालयापुढे कुणाची उडी जात नव्हती, त्या तालुक्यात लवळे येथे २०२० साली मुलींचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सिंबायोसिस या खासगी अभिमत विद्यापीठाचे ते आहे. महाविद्यालय गावाजवळ आले, पण तिथली फी आपल्या घरांजवळ आलेली नाही. अभिमत विद्यापीठांत फीचे आणि राखीव जागांचे नियम सरकारी महाविद्यालयासारखे नसतात. अर्ज भरण्याआधी ते नीट वाचावेत. बी. जे. त आज एमबीबीएसच्या २५० जागा आहेत, आणि पुणे महापालिकेनेही २०२२ साली स्वतःचे महाविद्यालय काढले आहे. आपल्या मुलामुलींची नजर आधी अशा ठिकाणी असली पाहिजे.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागद कुठे अडतो ते आम्हांला रोज दिसते. म्हणून माता-भगिनींसाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो. या घरातल्या भिंतीवर चिकटवून ठेवल्या तरी चालतील.

पहिली गोष्ट. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत केले आहेत. पौड आणि औंध त्यात येतात. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचे आणि वायसीएम महापालिकेचे आहे, तिथले दर निराळे असतात.

दुसरी गोष्ट. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मोठ्या आजारांच्या ठरावीक उपचारांचा खर्च वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत शासन करते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर हवे, दोन्हींवर नाव सारखे हवे. योजनेतल्या प्रत्येक इस्पितळात 'आरोग्यमित्र' बसतो. पैसे भरण्याआधी त्याला गाठावे.

तिसरी गोष्ट. ज्या खासगी इस्पितळाची नोंदणी धर्मादाय संस्था म्हणून आहे, त्याने कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रोग्यांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत दिल्या पाहिजेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ही योजना घालून दिली आहे. तिथल्या समाजसेवकाकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे. जागा नाही असे सांगितले तर ते लेखी मागावे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्यावी. हे दान नाही. संस्था करात आणि जमिनीत ज्या सवलती घेते, त्याची ती परतफेड आहे.

चौथी गोष्ट तिसऱ्या दाराची. मुलगा-मुलगी अकरावीत विज्ञानाला गेली, की त्याच महिन्यात जात पडताळणीच्या कागदांना लागावे. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आजोबा-पणजोबांचा पुरावा शोधावा. जुन्या शाळेच्या रजिस्टरात, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, कोतवाल बुकात तो सापडतो. राज्याच्या जागांसाठी राज्याच्या नमुन्यातला आणि अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला, असे दोन्ही दाखले तयार ठेवावेत. नीटच्या परीक्षेत मार्क मिळूनही कागदावाचून जागा गेली, असे होऊ देऊ नये. प्रवेश मिळाल्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरावा.

आणखी एक. डॉक्टर झाले तरच आयुष्य सार्थकी लागले, असे मुलांच्या मनावर बिंबवू नका. नर्सिंग, फार्मसी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, फिजिओथेरपी हीसुद्धा तिसऱ्या दाराचीच वाट आहे. मगधाचा राजवैद्य जीवक हा जन्मतः कचऱ्याच्या ढिगावर टाकलेला पोर होता. तो तक्षशिलेला सात वर्षे शिकला आणि बिंबिसार राजाचा आणि भगवंतांच्या संघाचा वैद्य झाला. त्याला त्या ढिगावरून उचलणारे हात मात्र कुणाचे तरी होते.

तेव्हा आमची सूचना अशी. देहूरोडच्या ज्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या भूमीच्या आसपास आपण राहतो. आपल्या भागातल्या प्रत्येक विहाराने वर्षावासाच्या काळात एक रविवार राखून ठेवावा. शिकलेल्या पोरांनी बसून वस्तीतल्या घरोघरचे दाखले आणि रेशनकार्डे तपासावीत. वस्तीतल्या परिचारिका, मावशी आणि डॉक्टर यांना बोलावून मुलामुलींशी बोलायला लावावे. भीमजयंतीला डीजेवर जो खर्च होतो, त्यातला चौथा हिस्सा नीटच्या पुस्तकांसाठी बाजूला काढावा. काळ्या लोकांनी स्वतःची इस्पितळे उभी केली. आपण निदान एक कपाट पुस्तकांचे उभे करू.

पहिले दार सावित्रीमाईंनी जीव देऊन उघडले. दुसऱ्या दारात आपल्या बापजाद्यांची हाडे झिजली. तिसऱ्या दाराची कडी बाबासाहेबांनी काढून ठेवली आहे. आता ते ढकलायला आपलीच पोरे लागतील, दुसरे कुणी येणार नाही.

जयभीम!